साडेतीन मिनिटांच्या केसरबाई

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर रविवारी रात्री एक खेळ रंगतो. प्रत्येकाने एक गाणं टाकायचं. अट एकच, ते बाकीच्यांनी ऐकलेलं नसावं. मग कुणी कोरियन इंडी बँड टाकतं, कुणी मालीचा गिटारिस्ट, कुणी आजोबांच्या कॅसेटमधली लावणी, तर एक जण न चुकता नॉर्वेचं मेटलच टाकतो आणि आम्ही सगळे न चुकता ते म्यूट करतो. आपलं गाणं चार जणांनी सेव्ह केलं की जो आनंद होतो ना, तो इंटर्नल्सच्या मार्कांनीसुद्धा होत नाही!

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने एक क्लिप टाकली. खरखर, तबला, तंबोरा आणि एका बाईचा धारदार, भरदार आवाज. लांबी जेमतेम साडेतीन मिनिटं. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, की आपल्यापैकी कुणाचंच गाणं याच्याइतकं लांब गेलेलं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खरं सांगते, दीड मिनिटात बंद केलं. दुसऱ्यांदा बसमध्ये ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना स्टॉप चुकला.

तो आवाज सूरश्री केसरबाई केरकर यांचा. भैरवीतली ठुमरी, ‘जात कहाँ हो’. आणि लांब म्हणजे किती लांब? १९७७ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. कधीकाळी कुणा परग्रहवासीयांच्या हाती लागलीच, तर पृथ्वीवर काय काय होतं हे त्यांना कळावं म्हणून. तीत चित्रं आहेत, ५५ भाषांतले नमस्कार आहेत (त्यात मराठीही आहे, कॉलर टाइट!) आणि जगभरातल्या संगीताचे २७ तुकडे आहेत. भारताचा तुकडा एकच. तो केसरबाईंचा. ‘व्हॉयेजर १’ आज आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे.

हे वाचून मला वाटलं, वा, काय भाग्य! मग त्यांच्याबद्दल वाचत गेले आणि भाग्य हा शब्द जरा हलकाच वाटायला लागला.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा. गाव केरी, गोव्याच्या फोंडा तालुक्यातलं. दीनानाथ मंगेशकरांचं मंगेशी याच तालुक्यात. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. केसरबाईंचं घराणं कलावंत समाजातलं. देवळांशी जोडलेल्या या समाजातल्या बायकांचं गाणं-नाचणं पिढीजात. त्यांचं गाणं ऐकायला बडी बडी माणसं यायची, पण त्यांना चारचौघींसारखं लग्न करून संसार थाटायची मुभा नव्हती आणि मान तर नव्हताच. मोगूबाई कुर्डीकर याच समाजातल्या, म्हणजे किशोरी आमोणकरांच्या आई. हिंदुस्थानी संगीताची अर्धी श्रीमंती गोव्यातल्या अशा घरांतून आली, आणि त्या घरांना गावात काय वागणूक होती हे मात्र आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही. असो.

केसर आठेक वर्षांची असताना घरचे तिला घेऊन कोल्हापूरला आले. तिथे ती अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकायला लागली. अब्दुल करीम खाँ म्हणजे किराणा घराण्याचे दिग्गज, सुरात विरघळून जाणारं गाणं. शिक्षण चाललं आठ महिने. मग परत गोवा. तिथे रामकृष्णबुवा वझे यायचे तेव्हा त्यांच्याकडे तालीम. बुवांचं गाणं अगदी वेगळ्या चालीचं, दमदार, आक्रमक. साधारण सोळाव्या वर्षी, आई आणि मामांसोबत, ती मुंबईत आली. आता पतियाळा दरबारातले सितारवादक बरकतुल्ला खाँ यांच्याकडे शिक्षण. तेही सलग नाही, ते मुंबईत असतील तेव्हा. मग भास्करबुवा बखले, पण थोडेच दिवस.

जरा मोजून बघा. चार गुरू, चार तऱ्हा, आणि एकाकडेही पोटभर नाही. आज आपण एका संध्याकाळी चार जॉनर पालथे घालतो. पण ऐकणं वेगळं आणि गळ्यावर चढवणं वेगळं. एका गुरूने आवाज एका पद्धतीने लावायला शिकवायचा, तो बसतोय न बसतोय तोवर दुसऱ्याने वेगळ्याच पद्धतीने. एवढं होऊनही केसरबाई मैफली करत होत्या आणि लोक ऐकायलाही येत होते. अनेकांनी इथेच समाधान मानलं असतं. निदान मी तरी मानलं असतं.

त्यांना मात्र अल्लादिया खाँसाहेबांकडेच शिकायचं होतं.

अल्लादिया खाँ म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे संस्थापक. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी त्यांनी वर्षानुवर्षं काढली, म्हणून या घराण्याचं महाराष्ट्राशी इतकं घट्ट नातं. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बसला होता, आणि मग जो आवाज उरला त्याला साजेशी नवी, गुंतागुंतीची गायकी त्यांनी घडवली असं सांगतात. त्यांनी केसरबाईंना लगेच हो म्हटलं नाही. मुंबईतले धनिक शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांनी मध्यस्थी केली, खाँसाहेबांनी कडक अटी घातल्या, आणि १ जानेवारी १९२१ रोजी गंडाबंधन झालं. म्हणजे गुरूने शिष्येच्या मनगटावर धागा बांधून तिला रीतसर आपली मानलं.

तेव्हा केसरबाईंचं वय अठ्ठावीस.

हे वय मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलंय. आमच्या वर्गात बावीस-तेवीसची मुलं आता उशीर झाला म्हणून रडतात (यात मीही आले). इथे एक बाई, जिचं नाव झालंय, जी मैफलींवर कमावतेय, ती अठ्ठाविसाव्या वर्षी पाटी पुसून पुन्हा ‘सा’ लावायला बसते. वीस वर्षांत गळ्याला लागलेल्या सवयी आधी मोडायच्या आणि मग नव्या लावायच्या. पहाटेपासून मेहनत, तासन्‌तास तेच तेच पलटे. ही तालीम वर्ष-दोन वर्षं चालली असेल असं वाटत असेल, तर ऐका. खाँसाहेब १९४६ मध्ये वारले, तोपर्यंत त्या शिकत होत्या. पंचवीस वर्षं! तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि देशभर त्यांचं नाव झालं होतं.

या पंचवीस वर्षांत काय मिळालं? मी शास्त्रीय शिकलेली नाही, त्यामुळे जसं मला ऐकू येतं तसं सांगते. जयपूरवाल्यांच्या गाण्यात एक दोर असतो आणि तो तुटत नाही. स्वर ‘आ’ या उघड्या आकारात लागतो. तान येते ती सरळ पायऱ्या चढून-उतरून नाही. ती वळसे घेत, वेलीसारखी तालाला गुंडाळत जाते आणि समेवर अलगद येऊन बसते. दोन-दोन राग एकत्र गुंफलेले जोडराग ही या घराण्याची खासियत. त्यात एका रागातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळायच्या आत गाणारी परत आलेली असते. हे सगळं अनेक जण गायचे. केसरबाईंकडे त्यावर आणखी एक गोष्ट होती, आवाज. रुंद, पेलेदार, खालच्या सप्तकात आणि वरच्या सप्तकात सारख्याच वजनाचा. मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत तो मायक्रोफोनशिवाय पोचायचा. माइक त्यांना आवडायचाच नाही.

मान-सन्मानांचं पटकन उरकते. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. १९४८ मध्ये कोलकात्याच्या रसिकांच्या समितीने त्यांना ‘सूरश्री’ किताब दिला. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारकडून ‘राज्य गायिका’.

आता खरा गुंता. एवढं कष्टाने मिळवलेलं गाणं केसरबाईंनी वाटलं मात्र अगदी हात आखडून. रेकॉर्डिंगच्या दर्जाबद्दल त्या फार काटेकोर होत्या आणि त्यांनी मोजक्याच रेकॉर्ड होऊ दिल्या. त्या काळच्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. जो राग मैफलीत तास-पाऊण तास फुलायचा, तो तेवढ्यात कोंबायचा. एखाद्या सिनेमाचा ट्रेलरच उरावा आणि सिनेमाची रिळंच नसावीत, तसं काहीसं आपल्या वाट्याला आलंय. मैफलीतही त्यांचा दरारा मोठा. मानधनाबाबत तडजोड नाही, कुणी गप्पा मारताना दिसलं तर खैर नाही, असे किस्से जुने रसिक रंगवून सांगतात. साधारण १९६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. शिष्या म्हणाल तर नाव घेतलं जातं ते एकच, धोंडूताई कुलकर्णी. कोल्हापूरच्या धोंडूताई आधी अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या, आणि १९६० च्या दशकात त्यांना केसरबाईंनी आपलं म्हटलं. त्या दोघींची गोष्ट वाचायची असेल तर धोंडूताईंच्या शिष्या नमिता देवीदयाल यांचं ‘द म्युझिक रूम’ हे इंग्रजी पुस्तक मिळवा. मी दोन रात्रींत संपवलं.

त्यांच्या या आखडत्या हाताबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येतं. विद्या दडवली, असं म्हणणारे आजही आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. ज्या समाजातल्या बाईला तिच्या गाण्याशिवाय दुसरं काहीच स्वतःचं म्हणता येत नव्हतं, तिने ते कुणाला, किती आणि कुठल्या भावाने द्यायचं हे स्वतः ठरवलं, तर त्यात चूक शोधायला मी कोण? पण चाहती म्हणून चडफड होते, तीही खरीच आहे. तासभराचे ते राग कुठे गेले?

अशा बाईंचं गाणं अंतराळात गेलं कसं, तर एका माणसाच्या हट्टामुळे.

व्हॉयेजरची तबकडी तयार करायची जबाबदारी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या छोट्या चमूकडे होती. वेळ काही महिन्यांचाच. सगळ्या पृथ्वीचं संगीत दीड तासात बसवायचं! आमच्या रविवारच्या ग्रुपवर जेवढी भांडणं होतात त्याच्या कितीतरी पट तिथे झाली असणार. रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ घ्यायचं म्हटल्यावर लोकसंगीताचे मोठे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी नाक मुरडलं होतं, त्यांना ते पोरकट वाटलं. तरी ते गेलं. त्याच लोमॅक्स यांच्या भक्कम शिफारशींमुळे जगाच्या कानाकोपऱ्यातली लोकगीतं यादीत आली. शेवटी जी प्लेलिस्ट झाली ती जरा बघा. बाख, मोझार्ट आणि बीथोव्हन आहेतच, पण त्यांच्या शेजारी जावा बेटावरचं गामेलान आहे, बल्गेरियाचं डोंगराळ लोकगीत आहे, पेरूमधलं लग्नाचं गाणं आहे, लुई आर्मस्ट्राँगचा जॅझ आहे, चीनचं गुचिन आहे, आणि ब्लाइंड विली जॉन्सन नावाच्या, गरिबीतच मेलेल्या अंध गायकाचा १९२७ सालचा ब्लूज आहे. माझ्या मते आजवरची सगळ्यात भारी मिक्सटेप.

भारताच्या जागेसाठी सल्ला देणारे होते रॉबर्ट ब्राउन. अमेरिकन संगीत अभ्यासक. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा अभ्यास दक्षिणेकडचा, पीएच.डी. मृदंगावर. आपल्याच गल्लीतला एखादा कर्नाटक संगीताचा कलाकार त्यांनी पुढे केला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. सतारीचं नाव तर तेव्हा पाश्चात्त्य देशांत घरोघरी पोचलेलं, तेही सोपं होतं. पण ब्राउन यांनी जगभरच्या संगीताच्या आपल्या यादीत सगळ्यात वर ठेवली ती केसरबाईंची भैरवी. जी बाजारात मिळतच नव्हती, कारण ती रेकॉर्ड निघायची कधीच बंद झाली होती.

चमूने साहजिकच सोपा मार्ग शोधला. त्याऐवजी दुसरे काही राग चालतील का, म्हणून ढीगभर रेकॉर्डी ऐकून झाल्या. ब्राउन बधले नाहीत. शेवटी तबकडीची निर्मिती सांभाळणाऱ्या टिमोथी फेरिस यांनाही पटलं, की माणूस बरोबर बोलतोय. मग चमूतल्या अ‍ॅन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कमधल्या रेकॉर्डच्या दुकानांना एकामागून एक फोन लावले. कुठेच नाही. सापडली ती कुठे, तर एका भारतीय कुटुंबाच्या इलेक्ट्रिक वस्तूंच्या दुकानात! एका टेबलाखाली धूळ खात पडलेला तपकिरी खोका, आणि त्यात न उघडलेल्या तीन प्रती.

मी या खोक्याचा फार विचार करते. तो आधीच कुणी साफसफाईत फेकून दिला असता तर? ड्रुयन यांनी आणखी एक फोन करायचा कंटाळा केला असता तर? किंवा ब्राउन यांनी, जाऊ दे, दुसरं घ्या, म्हटलं असतं तर? केरीच्या मुलीने पंचवीस वर्षं घासून जे कमावलं होतं, त्याचं आकाशातलं तिकीट त्या टेबलाखाली पडलं होतं.

‘व्हॉयेजर २’ आधी सुटलं, २० ऑगस्ट १९७७ ला. ‘व्हॉयेजर १’ मागून, ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई गेल्या. पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या.

२०१२ मध्ये ‘व्हॉयेजर १’ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, २०१८ मध्ये ‘व्हॉयेजर २’. त्याच २०१८ मध्ये १३ जुलैला गुगलने केसरबाईंचं डूडल केलं होतं. तेव्हा मी शाळेत होते, बघून पुढे स्क्रोल केलं असणार. केरीत आज त्यांच्या नावाची शाळा आहे, गोव्यात कला अकादमी त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते, आणि मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाची संगीत शिष्यवृत्ती आहे. गाणारे मित्र-मैत्रिणी असतील तर हे शेवटचं त्यांना जरूर सांगा.

आता ऐकायचं कुठून? ‘जात कहाँ हो’पासूनच सुरू करा, ते नेटवर सहज मिळतं. भैरवी साधारणपणे मैफलीच्या शेवटी गातात, त्यामुळे आपण उलटीकडून शिरतोय, पण चालेल. ठुमरीच्या नावातच कुठे निघालात असा प्रश्न आहे. तो कुणाला विचारला जातोय हे आठवून ऐकलंत तर अंगावर काटा येतो. पहिला मिनिट खरखरीकडे दुर्लक्ष करा, कानाला सवय होते. मग नट कामोद. जयपूरचे जोडराग म्हणजे काय ते इथे कळतं, आणि जाणकारही केसरबाईंचं नाव निघालं की आधी याचंच नाव घेतात. सकाळी लवकर उठणाऱ्यांनी ललत. पावसाळ्यात गौड मल्हार, शक्यतो खिडकीजवळ. माझं सध्याचं लाडकं मारुबिहाग आहे, रात्री दिवे बंद करून. इअरफोन चांगले घ्या, कारण या जुन्या रेकॉर्डमध्ये तंबोरा फार मागे गेलेला असतो आणि तो ऐकू आला की सगळं चित्रच बदलतं. त्यानंतर हवं तर मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरीताईंकडे वळा. तोच दोर आहे, फक्त हात वेगळे.

गेल्या रविवारी माझी पाळी होती. मी ग्रुपवर नट कामोद टाकला. दोघांनी सेव्ह केला, एकाने विचारलं की याचं रीमिक्स आहे का. आणि तो नॉर्वेवाला मेटलप्रेमी? त्याने रात्री दीड वाजता मेसेज करून आणखी एक मागितला.